पहिल्या सीटवरचं फडकं

हरिबा मास्तरांचा दुपारी डोळा लागला की एस.टी. सुरू व्हायची. शिरूरच्या स्टँडवरून सुटायची, न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायची, आणि पुढं मात्र तिला रस्त्याचं बंधन उरायचं नाही. उसाच्या फडांवरून, भीमेच्या पाण्यावरून ती अलगद जायची. खिडक्यांतून चिंचेचा पाला आत यायचा, आणि हरिबा दांडी धरून उभे; अंगात खाकी, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पत्र्याची पेटी. गाडी भरलेली असायची, पण सगळी माणसं गप्प. फक्त ड्रायव्हरमागची पहिली सीट रिकामी, आणि तिच्यावर एक हिरवं फडकं पडलेलं. हरिबा विचारायचे, "कुणाची हाय जागा?" कुणी बोलायचं नाही. ते फडकं उचलायला वाकायचे, आणि नेमकी तेव्हाच जाग यायची.

रिटायर होऊन सात वर्षं झाली होती. त्यांची बायको रतनबाई म्हणायची, "सरकारनं घरी बसा म्हनलं, तरी तुमची ड्यूटी झोपंत चालूच!" हरिबा हसायचे आणि तोंडावर पाणी मारायला उठायचे. फडक्याचं तिला कधी सांगितलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एस.टी.त ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात. हरिबांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. त्या घरात चाकरीचा गणवेश घातलेले हरिबा पहिलेच. नोकरी लागली तेव्हा आईनं त्या खाकी सदऱ्याची दृष्ट काढली होती, सदऱ्याच्या आत लेक असून नसल्यासारखा. माणूस सज्जन, कुणाचं सुटं बुडवलं नाही, म्हातारीला हात दिल्याशिवाय गाडी हलवली नाही. सज्जन माणसाच्या हातून एखादं पाप होतं ते असंच, कुणी न सांगता, सवयीनं. म्हणून तर ते जास्त टोचतं.

आता इथं रुमालाचा कायदा सांगायला हवा. स्टँडवर गाडी लागली की दाराशी झुंबड उडते. शहाणा माणूस दाराकडं जातच नाही. तो खिडकीशी जातो, टाचा उंचावतो आणि हातात असेल ते आत टाकतो. रुमाल, टोपी, टॉवेल, पिशवी, एकदा तर एकानं चप्पल टाकलेली. जे ज्या सीटवर पडलं, ती सीट त्याची. हा कायदा कुठं छापलेला नाही, पण पोलीस ठाण्यातले सगळे कायदे मोडणारा माणूससुद्धा हा मोडत नाही. भांडण झालं तर कंडक्टर विचारणार, "रुमाल कुणाचा आधी पडला?" रुमाल कुणाचा, एवढंच. रुमालवाला कुठल्या आळीतला, हे विचारायचं नाही. हरिबांना या कायद्याचा फार अभिमान. म्हणायचे, "गावात समतेची भाषणं लई झाली, पन ती खरी कुठं असंल तर एस.टी.च्या खिडकीत."

आणि तो त्यांनीच मोडला होता.

१९८४ चा जून. हरिबा चोवीस वर्षांचे, अजून बदली कंडक्टर, कायम व्हायचे होते. शिरूर-दौंड गाडी. निमोण्याच्या बौद्धवाड्यातली सोजराबाई आपल्या दहा वर्षांच्या पोरीला, सविताला, घेऊन केडगावला निघाली होती. तिथल्या शाळेच्या वसतिगृहात पोरीचं नाव घालायचं होतं. सोजराबाईनं भाकरी बांधायचं फडकं, जुन्या हिरव्या लुगड्याचं, खिडकीतून टाकलं. ते पडलं नेमकं पहिल्या सीटवर. मायलेकी आत येऊन ऐटीत बसल्या. तशी त्या वस्तीतली माणसं चढली की न सांगता मागच्या बाकाकडं जायची. कुणी जा म्हणत नव्हतं, कुणी थांबा म्हणत नव्हतं. सोजराबाई मात्र बसली ती बसलीच.

मग बापूसाहेब चढले. सोसायटीचे चेअरमन, शंभर एकरांचे धनी. दौंडला रेल्वे गाठायची होती. हरिबांच्या वडिलांची मेंढरं हिवाळाभर बापूसाहेबांच्याच रानात बसायची. रानाला खत व्हायचं, मेंढरांना जागा आणि घराला चार पायली ज्वारी. बापूसाहेब काही बोलले नाहीत. खरंच नाहीत. ते फक्त दांडीला धरून उभे राहिले आणि खिडकीबाहेर बघू लागले. हरिबांना मात्र वडिलांची मेंढरं आठवली. ते पुढं झाले आणि म्हणाले, "ए बाई, ऊठ. मागं जागा हाय."

"साहेब, फडकं टाकलं हुतं मी."

सीटच्या पाठीवर ते फडकं तिनं वाळत घालावं तसं पसरून ठेवलं होतं, जागेची खूण म्हणून. हरिबांनी ते उचललं. दोन बोटांच्या चिमटीत. हात लांब धरून, मेलेला उंदीर उचलावा तसं ते गाडीभर मिरवत मागं नेलं आणि शेवटच्या बाकावर टाकलं. गाडीत चाळीस-पन्नास माणसं होती. एकानंही रुमालाचा कायदा काढला नाही.

सोजराबाई उठली. पण मागं गेली नाही. पोरीचा हात धरून सरळ खाली उतरली. फडकं आतच राहिलं. हरिबांनी घंटीची दोरी दोनदा ओढली आणि गाडी निघाली.

सापडलेली वस्तू डेपोत जमा करायची असते. हरिबांनी ते फडकं जमा केलं नाही. रजिस्टरात "कशी सापडली" असा एक रकाना असतो, त्यात काय लिहिणार होते? त्यांनी ते घरी आणलं आणि कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी घातलं. तिथं ते एक्केचाळीस वर्षं पडून राहिलं, आणि त्याच्याच वर दुपारच्या झोपेतली एस.टी. धावत राहिली.

त्यांची मुलगी मोनाली रांजणगावच्या कंपनीत इंजिनिअर झाली आणि कंपनीनं तिला अमेरिकेत पाठवलं, डेट्रॉईटच्या बाजूला. गेल्या साली तिनं आईबापाला बोलावून घेतलं. रतनबाईनं बॅगा भरल्या. मसाल्याची बरणी फुटू नये म्हणून घरातली सगळी जुनी फडकी काढली आणि बरणीला गुंडाळली. मोनालीच्या स्वयंपाकघरात बरणी उघडली तेव्हा हरिबांच्या हातात काय आलं, तर ते हिरवं फडकं. लाल काठ तसाच होता. त्यांनी ते झटकलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवलं. सात समुद्र ओलांडून ते आपल्या मागं आलं, याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. रोज दुपारी यायचंच की.

रविवारी मोनाली त्यांना एका मोठ्या संग्रहालयात घेऊन गेली. मोटारी, इंजिनं, विमानं बघून हरिबांचे पाय दुखायला लागले. आणि एका दालनात, मंद उजेडात, ती उभी होती. बस. पिवळी-हिरवी, गोलसर नाकाची, आतले दिवे लागलेले. झोपेतल्या गाडीत आणि हिच्यात फरक एवढाच की हिला टायर होते.

"आबा, ही माहितीये का कुठली?" मोनाली सांगू लागली. इथं दक्षिणेकडच्या गावांत कायदाच होता. गोरे पुढं, काळे मागं. गोऱ्याला जागा नसली तर काळ्या माणसानं उठायचं. सत्तर वर्षांपूर्वी शिवणकाम करणारी एक बाई कामावरून घरी चालली होती. ड्रायव्हरनं ऊठ म्हटलं. ती उठली नाही. तिला पकडून नेलं. मग त्या गावातल्या काळ्या माणसांनी वर्षभराहून जास्त काळ बसवर पाय ठेवला नाही, चालत कामाला गेले. शेवटी तो कायदाच गेला. पुढं आणखी लढे झाले. मतांचे, शाळांचे, नोकऱ्यांचे. "ती बाई ह्याच बसमध्ये होती, आबा."

हरिबांनी बसभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "तितं कायदा हुता. आमच्यात कायदाबी नव्हता गं."

बसमध्ये बसून बघायला लोक दाराशी रांगेत उभे होते. हरिबांनी दार बघितलं, रांग बघितली, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं पाय आपोआप खिडकीकडं वळले. एक खिडकी अर्धी उघडी होती. त्यांनी टाचा उंचावल्या, खिशातून फडकं काढलं आणि आत टाकलं. ते तरंगत गेलं आणि पुढच्या एका सीटवर अलगद पसरलं.

"आबा! हे काय करताय?" मोनाली ओरडली.

पहाऱ्यावरची बाई धावत आली. काळी, उंच, सत्तरीच्या आसपासची, पांढरे केस बारीक कापलेले. संग्रहालयातल्या वस्तूंवर काही टाकायचं नसतं, असं ती मोनालीला दरडावून सांगू लागली. मोनालीचं तोंड लालबुंद. तिनं माफी मागितली आणि आमच्याकडं अशी जागा धरतात, वडील कंडक्टर होते, सवयीनं झालं, असं समजावलं. बाईच्या कपाळाच्या आठ्या सुटल्या. तिनं हरिबांकडं बघून काहीतरी विचारलं.

"आबा, त्या विचारतायत, जागा कुणासाठी धरलीत?"

आणि हरिबांना रडू कोसळलं. परक्या मुलखात, परक्या माणसांत, म्हातारा गडी ढसाढसा रडला. रतनबाई घाबरून पदरानं त्यांचं तोंड पुसू लागली. रडता रडता त्यांनी सगळं सांगितलं, सोजराबाई, बापूसाहेब, चिमटी. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मोनाली भाषांतर करता करता मध्येच थांबली, बापाकडं बघत राहिली, आणि मग पुन्हा सांगू लागली. तिचा आवाज बदलला होता.

पहाऱ्यावरची बाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, तिची आई त्या गावात धुणी धुवायची, वर्षभर चालत गेली, तळव्यांना कायमचे घट्टे पडले. हरिबांनी विचारलं, "आता समदं नीट झालं का हितं?" ती हसली. म्हणाली, "जागा मिळाली. आम्ही बसलो की शेजारचं माणूस अजून कधी कधी उठून जातं." मोनाली हे सांगून वर स्वतःचं पुटपुटली, "इथं आपली माणसंसुद्धा आधी आडनावच विचारतात, आबा."

बाई बसमध्ये चढली. तिनं ते फडकं उचललं, दोन्ही तळहातांवर घेतलं, लहान मूल घ्यावं तसं, आणि खाली येऊन हरिबांच्या हातांवर ठेवलं. म्हणाली, "हे इथं ठेवू नका. जिचं आहे तिला द्या."

शिरूरला परतल्यावर हरिबा निमोण्याला गेले. चाळीस वर्षं न सापडलेलं घर चौकशी केल्यावर दहा मिनिटांत सापडलं. शोधलंच नव्हतं तर सापडणार कसं! बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांचं पक्कं घर, दारात जास्वंद. सोजराबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. वय सत्तरीपुढं, नजर खणखणीत. हरिबांनी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "कंडक्टर न्हवं तुम्ही? बसा."

हरिबा बसले. फडकं पुढं ठेवलं. तिनं त्याला हात लावला नाही.

"आक्का, माझं चुकलं. माफी मागाया आलोय."

सोजराबाईनं दोन शेंगा फोडल्या. मग बोलली, "त्या दिशी शाळेत नाव घालायची शेवटची तारीख हुती. दुसऱ्या गाडीनं गेलो तवा कचेरी बंद. सविताचं एक वरीस गेलं. वरीसभर लोकांच्या कांद्यात खुरपलं पोरीनं. पुढच्या साली घातलं मी नाव. आता न्हावऱ्याच्या शाळंत हेडबाई हाय ती. म्हंजी त्याचंबी काय न्हाई आता." ती थांबली. "जागा घेतली त्याचंबी न्हाई. बापूसाब सोताच्या तोंडानं म्हनले असते तर दिलीबी असती मी. पन तुम्ही चिमटीत धरलं वो ते. माझी भाकर बांधायची मी त्यात."

हरिबांची मान वर होईना. "सोडून द्या आक्का, म्हातारा झालो मी."

"चिमटीत धरलं ते चारचौघांत. आन् माफी मागाया आलासा एकटेच, माझ्या वट्यावर?" सोजराबाई सूप बाजूला ठेवत म्हणाली. "ही माफी हितं न्हाई चालायची. गाडीत मागा. शिरूर-दौंड. मला केडगावला जायाचंच हाय, त्या दिशी येळंवर पोचले न्हाई."

हरिबा घरी आले ते दोन दिवस जेवले नाहीत धड. एका बाईची माफी मागणं वेगळं आणि भरल्या गाडीत उभं राहून सांगणं वेगळं. शिरूरच्या स्टँडवर निम्मी माणसं ओळखीची. भाऊबंद काय म्हणतील? ज्यांना ते इतकी वर्षं समतेचा कायदा सांगत होते, ते काय म्हणतील? "नगा जाऊ मग," रतनबाई म्हणाली. "झोपा दुपारचे, हाय की तुमची गाडी." हे ऐकल्यावर मात्र ते उठले आणि सोजराबाईला निरोप धाडला. बायको टोमणा मारते तेव्हा बहुतेक वेळा खरंच बोलत असते.

दौंडची गाडी फलाटाला लागली. हरिबा खिडकीशी गेले आणि फडकं टाकलं. नेम चुकला नाही, पहिली सीट. मग गर्दीतून वाट काढत आत शिरले आणि सीटपाशी उभे राहिले. कॉलेजची मुलं, कंपनीच्या गणवेशातली माणसं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया. बापूसाहेब वारून वीस वर्षं झाली. त्यांची नातवंडं स्कॉर्पिओतून फिरतात, त्यामुळं एस.टी.त त्यांच्या जागेचा प्रश्न आता उरलेला नाही. सोजराबाई दारातल्या पायरीवर दांडी धरून उभी होती. पुढं येत नव्हती.

हरिबांनी खाकरून सुरुवात केली, "मंडळी, जरा ऐका..."

"ओ आबा," कंडक्टर मुलगी, धनश्री, तिकिटाचं मशीन हातात घेऊन ओरडली, "गाडीत काय इकायला बंदी हाय!"

मुलं खो खो हसली.  हरिबांचे पाय म्हणाले, उतर. त्यांनी दारात बघितलं. सोजराबाईनं नजर हलवली नव्हती.

"इकत न्हाई पोरी," ते म्हणाले, आणि मग चौतीस वर्षं ज्या आवाजात 'पुढं सरका' म्हटलं त्या आवाजात बोलले. "मी हरिबा. ह्याच रूटचा कंडक्टर हुतो. चौऱ्याऐंशी साली ह्या बाईंचं फडकं ह्या सीटवर पडलं हुतं. जागा त्यांची हुती. मी त्यास्नी उठीवलं. का, तर त्या बौद्धवाड्यातल्या हुत्या आन् चेअरमन उभं हुतं. चेअरमननं सांगितलं न्हवतं. मी माझ्या मनानं केलं. त्यांचं फडकं मी चिमटीत धरून मागं फेकलं. त्यास्नी पोरीसंगं खाली उतरावं लागलं. माझं चुकलं. तवा समद्यांसमोर केलं, म्हनून आज समद्यांसमोर सांगतोय."

मागून त्यांच्याच भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या की मास्तर, जुनं उकरून काय मिळतंय?"

"तुला न्हाई मिळायचं काय," हरिबा म्हणाले. "तू तवाबी जाग्यावर बसलेला हुतास."

 एका मुलानं कानातला इअरफोन काढून हातात धरला. धनश्रीचं मशीन थांबलं होतं. हरिबांनी सीटवरचं फडकं उचललं, दोन्ही तळहातांवर पसरून, आणि पुढं धरलं.

सोजराबाई चढली. हळूहळू पुढं आली, फडकं घेतलं, उजेडाकडं धरून उलटंपालटं करून पाहिलं. "काठ टिकला म्हनायचा," म्हणाली. खिडकीशी बसली आणि ते फडकं नीट झटकून शेजारच्या जागेवर पसरलं.

हरिबांनी ते बघितलं. शेजारी जागा धरली! त्यांनी दांडी सोडली, धोतर सावरलं आणि बसायला वाकले.

"तुमच्यासाठी न्हाई वो," सोजराबाई म्हणाली. "सविता न्हावऱ्याला चढनार हाय."

गाडी हसली, आणि त्या हसण्यात हरिबाही हसले. धनश्रीनं डबल बेल दिली. गाडी स्टँडाबाहेर पडली, न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस डोलत होता, आणि हरिबा दांडीला धरून उभे होते, अगदी झोपेत असायचे तसे.

न्हावऱ्याला सविता चढली. पन्नाशीची, खांद्याला पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा. सीटवर पसरलेलं फडकं बघून ती एकदम थांबली. आईकडं बघितलं, मग हरिबांकडं. फडक्याची घडी घालून तिनं मांडीवर घेतली आणि बसली. जरा वेळानं मागं वळून म्हणाली, "मास्तर, किती वेळ उभं राहणार? मागच्या बाकावर जागा आहे, बसा जाऊन."

हरिबा मागं गेले. सगळ्यात शेवटच्या बाकावर, कोपऱ्यात बसले. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते या बाकावर कधी बसले नव्हते. गाडी खड्ड्यातून गेली आणि ते वीतभर वर उडून दणकन खाली आदळले. कंबरेतून कळ गेली. पुन्हा खड्डा, पुन्हा दणका. त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ऐन दुपारची वेळ होती, पण केडगाव येईपर्यंत हरिबांचा डोळा लागला नाही.